आम्ही आहोतच की

लायडन, ६ फेब्रुवारी

ती. फ्रौकेताईस,
धाकट्या वुब्बोचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे, आणि तो तुझ्या संडासात झालेला आहे. नाताळात तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तिथे अंमळ निवांत बसण्याचा योग आला. समोर दारावर टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरावर पाहतो, तर माझं नाव तेरा जूनऐवजी चौदाला! त्यात 'ब' एकच. आणि तेराच्या घरात, माझ्या जन्मसिद्ध जागेवर, शेजारच्या तामोच्या कुत्र्याचं नाव, तेही शुद्धलेखनाची एकही चूक न करता. सख्ख्या भावाला एक दिवस उशिरा जन्माला घालण्याचा अधिकार प्रत्यक्ष आईला नव्हता, तो थोरल्या बहिणीला कोणत्या शास्त्राने दिला? राग पुरेसा मुरू दिला आणि आज रीतसर तक्रार नोंदवत आहे.

बाकी क्षेम. विद्यापीठात संस्कृतच्या वर्गाला यंदा चौघं आहेत. त्यातली एक मुलगी योगासनांची नावं नीट उच्चारता यावीत म्हणून आली आहे. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही की मध्ये क्रियापदंही लागतात.

आता तुझ्या पायांविषयी. परिचारिका सिल्के सकाळी येऊन तुझे सूज रोखणारे घट्ट दाबाचे मोजे चढवते, संध्याकाळी ती नाहीतर दुसरी कोणी येऊन उतरवते. यात नव्याने बघण्यासारखं काय आहे की सेवासंस्था चौकशीला माणूस पाठवतेय, असं तू विचारलं आहेस. बघण्यासारखा आहे तो खर्च. वैद्यकीचा खर्च दरसाल फुगतो, विम्याचा हप्ता त्याच्यामागे धापा टाकत धावतो. मग सरकार विमावाल्यांना दम देतं, विमावाले सेवासंस्थांना, आणि तो दम झिरपत झिरपत शेवटी तुझ्या घोट्यापाशी येऊन थांबतो. नवा दंडक असा की, आधी माणसाने स्वतः करावं. न जमलं तर घरच्यांनी, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. सगळ्यांनी हात टेकले की मग परिचारिका. याला 'स्वावलंबन' म्हणतात. धातू बघितला तर अर्थ होतो, आपणच आपल्याला लोंबकळणं. तत्त्वतः मी सरकारच्या बाजूचा आहे, कारण हप्ता मीही भरतो. फक्त तुझे पाय या तत्त्वातून वगळावेत, एवढंच माझं मत.

एक विनवणी. आमच्याकडच्या ग्रीकच्या मास्तरांच्या आईकडे अशीच बाई आली होती. म्हातारीने आदल्या दिवशी घर घासूनपुसून लख्ख केलं, केस सेट करून घेतले. बाईने इकडेतिकडे पाहिलं, किती छान चाललंय तुमचं म्हणाली, आणि मदत बंद. तेव्हा ताई, हात जोडतो, घर आवरू नकोस. दोन दिवसांच्या बश्या तशाच राहू देत. जमलं तर थोडं कण्ह. मी त्या दिवशी येतोच आहे. तू काही झाकायला लागलीस तर टेबलाखालून चिमटा काढीन.

तुझ्या रागाला आणि लोभाला सारखाच पात्र,
वुब्बो


एनरुम, ११ फेब्रुवारी

चि. वुब्बोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तक्रार पोचली. तेरा जूनला तामोचा कुत्रा मला भेटायला येतो, तू येत नाहीस, म्हणून जागा त्याला दिली. एक 'ब' शाईची काटकसर म्हणून गाळला. तुझ्या सरकारला आवडेल.

घर आवरू नकोस म्हणून लिहिलंस ते वाचून मी पत्र टेबलावर पालथं घातलं. परक्या बाईला मी उष्ट्या बश्या दाखवू? जन्मभर लोकरीचं दुकान चालवलं, एक गुंडी कधी चुकीच्या खणात ठेवली नाही. राजा आला तरी आणि जप्तीवाला आला तरी माझी काच पुसलेली असेल. आजारी माझे पाय आहेत, माझ्या खिडक्या नव्हेत. आणि कण्ह म्हणतोस! कण्हायला आपल्या घरात कोणी शिकवलं का? बाबांचा हात मळणीयंत्रात गेला तेव्हा ते म्हणाले होते, आज जरा लवकर जेवू.

सिल्के गुणाची पोर आहे. हात बर्फासारखे, जीभ त्याहून गार. अडलेल्या गाईचं वासरू ओढतात तशी टाच रोवून मोजा ओढते, आणि चढला की गुडघ्यावर थाप मारून म्हणते, चला उठा महाराणी, राज्य बुडालं. मागे माझ्या डाव्या पायाला जखम फुटली ती आधी तिच्याच लक्षात आली, आणि तिच्याच हातून भरली. डॉक्टरांनी बजावलंय की मोजे दिवसा हवेतच, रात्री नकोतच. हयगय झाली तर जखम परत उघडेल आणि या वयात ती सहज मिटायची नाही. तेव्हा तेवढी सिल्के राहू दे. बाकी सरकारला काय हवं ते घेऊन जाऊ दे.

घरच्यांनी करावं म्हणतात. घरचं कोण? तू आगगाडीने तीन तासांवर. तामो भिंतीपलीकडे आहे, पण तामोपुढे मी पाय उघडे टाकून बसू? इतकी वर्षं आम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोलत आलो, दोघांनाही तेवढंच झेपतं.

बाई साडेदहाला येईल, तू त्याआधी ये. फार बोलू नकोस. संस्कृत तर नकोच. तुला ये म्हणून लिहितानाही मला लाज वाटली होती. हे कुणाला सांगणार नाहीस म्हणून लिहिते.

माया आहे ती आहेच, पत्र लवकर टाक म्हणजे ती दिसेल.
फ्रौकेताई


लायडन, २४ फेब्रुवारी

ती. फ्रौकेताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. झाल्या प्रकाराचा वृत्तांत तुलाच लिहून पाठवणं हास्यास्पद आहे, कारण तूही तिथेच होतीस. पण तू सगळा वेळ घड्याळाकडे बघत बसली होतीस, म्हणून लिहितो.

मी दारात पाऊल टाकलं तेव्हा तुझ्या काचा बाहेरूनसुद्धा धुतलेल्या होत्या. फेब्रुवारीत! त्या पायांनी तू स्टुलावर चढली होतीस की शिडीवर, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकवलं नसतं. सफरचंदाचा केक, इस्त्रीचं टेबलक्लॉथ, सेट केलेले केस. ग्रीकच्या मास्तरांची आई तुझ्यापुढे गबाळी ठरावी. सेवासंस्थेच्या विरिंगाबाई आल्या, कॉफी घेतली, एक बिस्कीट घेतलं, तू आपल्या एका बिस्किटाच्या रीतीप्रमाणे डब्याचं झाकण लावलंस आणि चौकशी सुरू झाली. कसं चाललंय, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, याहून वाईट असू शकतं.

ताई, बाई इकडची, पश्चिमेच्या हॉलंड प्रांतातली असती तर तिने पुढे विचारलं असतं की वाईट म्हणजे किती वाईट. पण ती पडली आपल्या उत्तरेकडचीच, थेट शेजारच्या विन्सुमची. आपल्याकडे 'याहून वाईट असू शकतं' याचा अर्थ स्वर्ग. तिने स्वर्ग लिहून घेतला. तिथे मी चिमटा काढायचा होता. मी केक खात होतो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. बाईंचा गोतावळा कोण कोण, आपण बंधू ना, गरज पडली तर आपण आहात ना, असं फार गोड विचारलं. मी काटा खाली ठेवला, ओठ पुसले आणि म्हणालो, अर्थात, आम्ही आहोतच की.

सभ्य माणूस दुसरं काय म्हणेल? मयताला म्हणतो, लग्नात म्हणतो, शेजाऱ्याची नोकरी गेली तरी म्हणतो. बोलायला काही पैसे पडत नाहीत, आणि ऐकणाराही 'मग उद्यापासून या' असं कधी म्हणत नाही. बाईंनी मान डोलावली, तू माझ्याकडे चमकून पाहिलंस आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलंस. परतीच्या गाडीत झ्वोल स्टेशन येईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. झ्वोलनंतर ते वाक्य जरा टोचायला लागलं.

पण काही होणार नाही. त्या बाईंना डोळे आहेत. तरी दुकानातून मोजे चढवायची निसरड्या कापडाची पिशवी घेतली आहे, ती सोबत पाठवतो. मी स्वतःवर प्रयोग केला. मोजा चढला, पण मी पलंगावरून पडलो.

केकबद्दल कृतज्ञ, बाकीबद्दल थोडा अस्वस्थ,
तुझा वुब्बो


एनरुम, १३ मार्च

चि. वुब्बोस,
आशीर्वाद.

निकाल लागला. सकाळचं मी पिशवीने स्वतः करायचं. संध्याकाळचं 'भाऊ आणि गोतावळा बघतील'. सिल्के शेवटची आली तेव्हा तिने सेवासंस्थेला अशा शिव्या घातल्या की मी खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, आजी, फोन करा आणि सांगा की भाऊ लांब राहतो. मी म्हटलं बघते.

फोन काही मी करणार नाही, हे तुला आधीच सांगून टाकते. काय सांगू? माझा भाऊ नुसतं तोंडदेखलं बोलला? त्या बाईला विन्सुममध्ये मी ओळखते, तिची मावशी माझ्याकडून लोकर न्यायची. गावभर होईल. विद्यापीठात शिकवणारा भाऊ म्हणून तुझं नाव मीच सगळीकडे केलंय, आता मीच तुला खोटं पाडू? तू चांगल्या मनाने बोललास. मीही काचा चांगल्या मनानेच पुसल्या होत्या.

तू धावत यायचं काही कारण नाही. पिशवी झकास आहे. लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा पाय सर्रकन आत जातो, फक्त वाकताना डोळ्यांपुढे जरा अंधारी येते. आणि आता तर मला युक्ती सापडली आहे, त्यामुळे रोज वाकायलाही लागत नाही. जे उतरवलंच नाही ते चढवावं कशाला लागतंय? तुझ्या सरकारला कळव, त्यांचे आणखी पैसे वाचतील.

क्रोकस फुलले आहेत. तामोच्या मेंढ्यांना जुळी झाली. त्या योगासनवालीला क्रियापदं आली का?

आठवण काढत जा, काळजी करत जाऊ नकोस.
फ्रौकेताई


एनरुम, २६ मार्च

वुब्बो,
स. न. वि. वि. असं आधी लिहितात म्हणे, म्हणून लिहिलं.

मी तुझ्या ताईचा शेजारी तामो. मी पत्रं लिहीत नाही. तुझा नंबर माझ्याकडे नाही, आणि तिला मागितला तर कशाला म्हणून विचारेल, पत्ता तेवढा तुझ्या पाकिटावर दिसला.

तुझी बहीण मोजे काढत नाही. आमच्याकडे कोणी पडदे लावत नाही, तेव्हा मला दिसतं. संध्याकाळी तिच्याकडे कोणीही येत नाही. मी विचारलं, मोजे कोण उतरवतं? म्हणाली, वुब्बो बघतो. म्हटलं, वुब्बो तर लायडनला. तर म्हणाली, वारा आज पूर्वेचा आहे नाही का?

डावा पाय टेकत नाही. माझा कुत्रा तिच्या पायाशी जाऊन हुंगत बसतो, बोलावलं तरी उठत नाही. मेंढीपाशी असा बसला की मला कळतं काय ते. मी उतरवून देतो म्हणालो तर तिने दार लावून घेतलं, आणि दोन दिवस हवेबद्दलसुद्धा बोलली नाही. तेव्हा मी काही पुन्हा विचारणार नाही. मलाही लाज आहे.

तू येणार असं कागदावर आहे म्हणे. मग ये.

मी लिहिलंय हे सांगू नकोस. नाही सांगितलंस तरी तिला कळेलच.
तामो


लायडन, ३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी हसवण्यासाठी लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला.

रविवारी मी अचानक आलो, सहज आलो म्हणालो, आणि तुला ते खरं वाटल्यासारखं तू दाखवलंस. तू मटारचं सूप गरम केलंस. भिंतीला धरून धरून चुलीपाशी गेलीस, आणि मी ते बघत बसलो. मग मी म्हणालो, दाखव पाय. तू म्हणालीस, जेवताना कशाला. जेवण झाल्यावर म्हणालीस, उजेडात कशाला. शेवटी मी तुझ्या खुर्चीपुढे गुडघे टेकले तेव्हा तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. लाजेने मान वळवलेली तू मला कधी दिसली नव्हतीस.

मोजा कातडीला चिकटला होता. थोडा खाली सरकला आणि वास आला. मी तोंड फिरवलं, ताई. तू खिडकीकडे बघत होतीस, पण काचेत तुला मी दिसत होतो, ती काच तूच लख्ख पुसलेली आहेस. तू अगदी मायेने म्हणालीस, राहू दे रे, तू कॉफी घे. आणि मी उठलो. हात धुतले, पुन्हा धुतले. मग अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन केला. फोन करायलाच हवा होता, हे खरं. पण तो आत तुझ्या शेजारी बसूनही करता आला असता. मी बाहेर गेलो, कारण मला तिथून निघायचं होतं. डॉक्टर आणि परिचारिका येईपर्यंत मी तामोच्या कुंपणाशी उभा राहून त्याच्याशी वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलत होतो. त्यानेही एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग मेंढ्यांकडे पाहिलं.

काल विरिंगाबाईंना फोन लावला. मला वाटलं होतं, सरकारी नियमावर चार शब्द सुनवावेत. गाडीत मी ते तयारही केले होते, चांगले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, मी फार लांब राहतो. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही फेब्रुवारीतही तेवढ्याच लांब राहत होतात. ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं की 'आम्ही आहोतच' असं आपण म्हणालात, तर आम्ही म्हणजे कोण कोण? ताई, जन्मभर मी पोरांना वचनं शिकवतो. एकवचन, द्विवचन, बहुवचन. मी मोजायला गेलो, तर ते बहुवचन होतं आणि त्यात माणूस एकही नव्हता.

तेव्हा मी त्यांना सांगितलं की मी ते सभ्यपणा म्हणून बोललो होतो. मी येणार नव्हतो. शेजारच्या गल्लीत राहत असतो तरी आलो नसतो बहुतेक. त्या म्हणाल्या, बरेच जण तसंच म्हणतात; पण मागाहून फोन करून सांगणारे थोडे, आणि म्हटलेलं लिहून घेणं आम्हाला भाग असतं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना एक डोकं कमी करायला सांगितलेलं असतं, आणि मी ते केकसकट त्यांच्या हातात दिलं. सोमवारपासून सिल्के पुन्हा येईल, जखम भरेपर्यंत पट्टी करायला आणि नंतर मोज्यांसाठीही. एवढं मी तुझ्याकरता केलं असं मात्र समजू नकोस. मी फक्त माझं वाक्य परत घेतलं.

डॉक्टर म्हणतात पाय वाचेल, वेळ लागेल. तुझा पाय, विम्याचा हप्ता, पुढच्या वर्षी नियम आणखी काय होतील, या सगळ्याची काळजी मी करतो असं तुला वाटत असेल. ती आहे, पण ती माझी झोप घालवणारी नाही. तू आठवडेच्या आठवडे त्या मोज्यांत झोपलीस, तामोला दारातून परत पाठवलंस, मला क्रोकसबद्दल लिहिलंस, आणि हे सगळं मी खोटा पडू नये म्हणून. रविवारी तर काचेत तू माझं तोंडही पाहिलंस. मला भीती वाटते ती एवढीच, ताई, की यापुढे तुला काही झालं तर तू मला सांगणार नाहीस.

वुब्बो